आधी यादी, मग डिलीट

आमच्या मजल्याची एक सामायिक हार्डडिस्क आहे. नोट्स, जर्नल्स, गॅदरिंगचे फोटो, सीनियर्सचे प्रोजेक्ट्स आणि रेक्टर सरांनी न पाहिलेलं बरं असं बरंच काही. मागच्या महिन्यात ती भरली. एकच फाईल पाच-पाच ठिकाणी! मी म्हटलं, डुप्लिकेट काढायचा प्रोग्राम मी लिहितो. (फुशारकी नडते ती अशी.)

'गो' भाषेत वॉकडिर हे फंक्शन आहे, २०२१ साली १.१६ आवृत्तीत आलेलं. ते फोल्डरच्या झाडावर नावांच्या क्रमाने फिरतं आणि प्रत्येक फाईलसाठी आपलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, बोलावतं. एका वेळी एकच. मला ते संथ वाटलं. म्हणून मी आठ गोरूटीन्स सोडल्या, सगळ्या एकदम कॉलबॅक मारणाऱ्या. दर रनला फायलींचा आकडा वेगळा!

रात्रीची हजेरी चौघांनी एकाच वहीत घेतली आणि दोघांनी एकाच क्षणी ५७ वाचून ५८ लिहिलं, तर एक पोरगा हॉस्टेलमधून गायब. हीच रेस कंडिशन. म्युटेक्स म्हणजे वहीचं कुलूप. व्हायव्हाला आपण हे घडाघडा सांगतो, बँक बॅलन्सच्या उदाहरणासकट. मीही कुलूप लावलं. रेस डिटेक्टर गप्प बसला, आकडा जुळला. वाटलं, झालं काम.

कुठलं झालंय! माझा नियम होता, पहिली सापडलेली कॉपी ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. पण आठ जणी एकदम फिरत असताना 'पहिली' कोणती? कुलूप एका वेळी एकीलाच आत सोडतं, आधी कोण येणार ते ठरवत नाही. नशीब, मी उडवण्याआधी नुसती यादी छापली होती. एका रनला रूममेटच्या प्रोजेक्टमधल्या आकृत्या राहत होत्या. दुसऱ्या रनला नेमक्या त्याच जात होत्या, आणि राहत होती 'न्यू फोल्डर ३' मधली कॉपी. त्याचं सबमिशन चार दिवसांवर होतं. मला घामच फुटला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: एकदम चालणाऱ्या कॉलबॅकने फक्त गोळा करावं, ठरवू नये. फिरणं संपू द्या, यादी क्रमाने लावा, मग एकाच जागी निर्णय घ्या. युनिक्सच्या फाइंड कमांडला डिलीट सांगितलं की ती आपोआप आधी फोल्डरच्या आतलं काढते, मग फोल्डर. क्रमाला किंमत आहे ती अशी. लॅबमध्ये बँक बॅलन्सऐवजी हेच प्रॅक्टिकल द्या की सर! चुकलं तर कुणाची तरी फाईल जाते, हे आम्हाला लगेच कळेल.

बाय द वे, आमची डिस्क जुनी, फिरणारी. आठ ठिकाणांहून मागणी आली की तिचं हेड नुसतं इकडून तिकडे पळतं, त्यामुळे वेगही फारसा मिळाला नाही. एसएसडीवर गोष्ट वेगळी.

यादी मेसबाहेर लावली आहे. आपापल्या फायलींपुढे टिक करा. शनिवारी रात्री जेवणानंतर उडवतोय.