दारात कोण उभं आहे?

पूर्वी थिएटरात ‘ए’ सर्टिफिकेटचा सिनेमा लागला की मिसरूड न फुटलेल्या पोराला डोअरकीपर बाहेरच अडवायचा. ‘कुणाचा रे तू?’ एवढं विचारलं तरी पोरगं धूम ठोकायचं. आज त्याहून कितीतरी ओंगळ चित्रं पोरांच्या तळहातावर आहेत आणि दारात कुणीच नाही. पडद्यावर प्रश्न येतो, ‘तुमचं वय 18 पूर्ण आहे का?’ सहावीतला मुलगा ‘हो’वर बोट टेकवतो. झाली तपासणी!

आणखी एक गंमत पाहा. आपल्याकडे 18 वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या नावावर सिमकार्ड मिळत नाही. सिम बाबांच्या नावावर, नाहीतर आजोबांच्या. म्हणजे मोबाइल कंपनीच्या दप्तरी या देशात एकही मूल फोन वापरत नाही! रात्री साडेअकराला पांघरुणाखाली जो उजेड दिसतो, तो कागदोपत्री पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाचा असतो.

नियम नाहीत असं नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटी कंपन्यांना वयाचे गट पाडायला लावले, पालकांसाठी कुलूप ठेवायला सांगितलं, निव्वळ प्रौढांच्या कार्यक्रमांना खात्रीची वयतपासणी बंधनकारक केली. अश्लील संकेतस्थळांवर मात्र आपला भर बंदीवर. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 827 संकेतस्थळं बंद करण्याचे आदेश निघाले. नाव जरासं बदलून काही पुन्हा हजर झाली.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. 25 जुलै 2025 पासून तिथे अशा संकेतस्थळांना वयाची खरीखुरी तपासणी करावीच लागते. नुसतं ‘हो’ चालत नाही. कसूर केली तर जगभरातल्या उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण कुठल्या देशातून पाहतो ते लपवणाऱ्या व्हीपीएनची पळवाट लोकांनी लगेच शोधली, हेही खरं. पण भिंतीला भगदाड पडलं म्हणून कुणी दाराची कडी काढून ठेवतं का?

‘मग काय जिथे-तिथे आधार कार्ड दाखवत फिरायचं?’ मुळीच नाही. डोअरकीपरने कधी कुणाचं नाव-गाव वहीत लिहून घेतलं नव्हतं. वय कळावं, माणूस कळू नये, अशीच तपासणी आपण सरकारकडे आणि कंपन्यांकडे ठणकावून मागितली पाहिजे.

पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं? सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव बसलं नाही. 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. त्या गावाने दिल्लीच्या कायद्याची वाट पाहिली नाही.

पालकांनो, शिक्षकांनो, सरपंचांनो, उठा! पुढच्या पालकसभेत, ग्रामसभेत हा विषय संकोच न करता मांडा. मुलांशी बोला, न बोलणाऱ्या घरातलं पोर उत्तरं मोबाइललाच विचारतं. कुणी मुलाला चित्रं दाखवून, धमकावून छळत असेल तर 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 1930 (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन) ला फोन लावा, पोराला बडवू नका. आणि आज जेवणं झाल्यावर घरातला प्रत्येक फोन हातात घ्या. प्ले स्टोअरमध्ये आणि ओटीटीच्या प्रोफाइलवर पालकांचं कुलूप लावा.

फक्त पिन म्हणून पोराची जन्मतारीख ठेवू नका. ती त्याला तोंडपाठ आहे.