लखनौचे टिळक कुणालाच नकोत

टिळक सगळ्यांना हवे असतात. १ ऑगस्टला पुतळ्यांना हार घालायला रांग लागते, गणपतीत मंडपामंडपात पगडीतला फोटो झळकतो आणि सिंहगर्जनेची घोकंपट्टी तर बालवाडीपासूनच सुरू होते. मंडालेचे टिळक हवेत, ‘केसरी’चे हवेत, न्यायमूर्ती दावरांसमोर ताठ उभे राहिलेले तर हवेतच हवेत. पण डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला येऊन मुस्लिम लीगशी जागावाटप करणारे टिळक? त्यांचा विषय काढा, सभेत एकदम खोकल्याची साथ येते.

गेली काही वर्षं माझा मुक्काम लखनौत आहे, म्हणून हे मुद्दाम इथून लिहितो. इथल्या चौक भागात सराफी पेढ्यांच्या मागच्या बोळांत सोनं-चांदी गाळणारी मराठी माणसं आहेत. खानापूर, आटपाडी, तासगावकडची. भट्टी, मूस, तेजाबाचा घशात बसणारा वास आणि भिंतीवर गणपतीशेजारी टिळक. अशाच एका दुकानात मी मालकांना विचारलं, “टिळक इथं लखनौला आले होते, ठाऊक आहे का?” ते म्हणाले, “आले आसतील की साहेब. गणपती बसवायला?” त्यांचा मुलगा तिथंच गृहपाठ करत होता. मान वर न करता म्हणाला, “लखनऊ पैक्ट, १९१६. दो नंबर का सवाल है, अंकल.”

बापाला मी हसणार नाही. त्याला महाराष्ट्रानं टिळकांचा जेवढा भाग दिला, तेवढा त्यानं हजार-बाराशे किलोमीटर दूर भिंतीवर जपलाय. हसायचं असेल तर ज्यांनी उरलेला भाग लपवला आणि ज्यांनी तो दोन गुणांत उरकला, त्यांना हसा.

जगाच्या इतिहासातल्या कलाटणीच्या क्षणांबद्दल तो भाग दोन गुणांत उरकणाऱ्या आपल्या पुस्तकांची एक लाडकी समजूत आहे. महायुद्ध झालं, क्रांती झाली आणि समाज बदलला. म्हणजे समाजानं झोपून राहायचं आणि सकाळी उठून बदललेलं सापडायचं. असं काही होत नसतं. मोठी घटना फक्त भाव बदलते. कालपर्यंत ज्याला सरकार दारात उभं करत नव्हतं, त्याच्याशी आज बोलावं लागतं. त्या बदललेल्या भावात कोण काय विकतं, काय घेतं आणि पैसे कुणाच्या खिशातून जातात, यावर पुढची शंभर वर्षं ठरतात.

१९१६ चा एप्रिल घ्या. २४ तारखेला डब्लिनमध्ये आयरिश बंडखोरांनी उठाव केला. २८ तारखेला बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली. नावसुद्धा आयर्लंडच्या चळवळीतून घेतलेलं. २९ तारखेला डब्लिनचे बंडखोर शरण आले आणि त्याच दिवशी मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथं जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांना शरण गेली. सुमारे १३,००० सैनिक कैद झाले. त्या फौजेचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडची पोरं महिनोन् महिने वेढ्यात उपाशी राहून शेवटी तुर्कांच्या कैदेत वाळवंट तुडवत गेली. कैद्यांतले हजारो परतलेच नाहीत.

कुतच्या त्या नाचक्कीची पुढं चौकशी झाली. मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल आला आणि जुलै १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ ला त्यांनी जबाबदार राज्यपद्धतीची ती प्रसिद्ध घोषणा केली. ही साखळी आपल्याकडे कुणी शिकवत नाही. ‘सुधारणा मिळाल्या’ एवढंच शिकवतात. जणू इंग्रज सणाला ओवाळणी घालत होता.

कुतची शरणागती आणि ही घोषणा यांच्या मधे लखनौ येतं. भाव बदलतोय, हे टिळकांनी आधीच ओळखलं होतं. तुर्कस्तान युद्धात इंग्रजांच्या विरुद्ध उतरल्यामुळं खलिफाला मानणारा इथला मुसलमान अस्वस्थ होता. १९११ ला वंगभंग रद्द झाल्यापासून मुस्लिम लीगचा सरकारवरचा भरवसा उडत चालला होता. लीगचं कार्यालय लखनौतच होतं. सचिव वझीर हसन लखनौचे, आश्रयदाते महमूदाबादचे राजे. जुलै १९१६ मध्ये, ऐन साठाव्या वाढदिवशी, सरकारनं टिळकांच्या हातात वीस हजारांच्या जातमुचलक्याची नोटीस ठेवली. मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर जिना. नोव्हेंबरात आदेश रद्द झाला आणि डिसेंबरात तेच जिना लखनौत लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. वकील आणि अशील काही आठवड्यांत वाटाघाटीला बसले. आज दोन्ही देशांत हे वाक्य छापायला संपादक दोनदा विचार करील.

लखनौनं टिळकांचं स्वागत कसं केलं, ते रामप्रसाद बिस्मिल यांनी आत्मकथेत लिहून ठेवलंय. स्वागत समितीच्या नेमस्तांना मिरवणूक नको होती. पोरं मोटारीसमोर आडवी पडली, भाड्याची गाडी आणली, घोडे सोडले आणि स्वतः ओढत टिळकांना शहरातून फिरवलं. ओढणाऱ्यांत विशीच्या आतले बिस्मिल होते. म्हणजे पुढं काकोरी कटात फासावर गेलेला माणूस, ज्याला आज सगळे ‘जहाल’ म्हणून डोक्यावर घेतात, तो कराराला आलेल्या टिळकांची गाडी ओढत होता. वाटाघाट म्हणजे नेभळटपणा, हे शहाणपण त्याला ठाऊक नव्हतं. ते आपल्याला नंतर सुचलं.

आता करार. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ काँग्रेसनं मान्य केले. निवडून येणाऱ्या हिंदी सभासदांत त्यांचा वाटा ठरला: पंजाबात निम्मा, बंगालात ४० टक्के, संयुक्त प्रांतात ३०, बिहारात २५, मध्य प्रांत आणि मद्रासेत १५, मुंबई इलाख्यात एक तृतीयांश. एखाद्या जमातीच्या तीन चतुर्थांश सभासदांचा विरोध असेल, तर त्या जमातीला बाधणारा ठराव पुढं न्यायचा नाही. मालवीयजींनी कडाडून विरोध केला. टिळकांनी तो बाजूला सारला. त्यांचं म्हणणं रोकडं होतं. लढाई तिघांत चाललीय, ती दोघांत आणायची. सत्ता एकदा इंग्रजाच्या मुठीतून सुटू दे, इथल्या कुणाच्या का हातात जाईना.

महाराष्ट्रातल्या हिंदुत्ववादी भक्तांना हे पचत नाही, म्हणून ते टिळकांच्या चरित्रातलं हे पान चिकटवून टाकतात. शिवाजी उत्सव वाचायचा, गणपती वाचायचा आणि १९१६ आलं की थेट १९२० ला उडी मारायची. फारच अडचण झाली तर ‘डावपेच होता हो’ म्हणून डोळा मारायचा. डावपेच होताच! राजकारणी माणूस डावपेच करणार नाही तर काय भजन करणार? पण डावपेच म्हणून मान्य करायचा तर मग आज मुसलमानाशी साधी बोलणी करणाऱ्याला गद्दार ठरवताना जीभ जरा अडखळायला हवी. ती अडखळत नाही.

दुसऱ्या बाजूचे सेक्युलर भाविकही कमी नाहीत. त्यांच्या भाषणात लखनौ करार म्हणजे गंगा-जमुनी तहजीबचा फ्रेम केलेला फोटो. मी लखनौत राहतो. या तहजीबचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत. वरचे आकडे यांनी कधी वाचलेत? बंगालात मुसलमान निम्म्याहून जास्त होते. त्यांना मिळाले ४० टक्के. पंजाबातही ते बहुसंख्य होते. मिळाला निम्मा वाटा. इकडं संयुक्त प्रांतात ते १४ टक्क्यांच्या आसपास आणि मिळाले ३० टक्के. पूर्व बंगालातल्या कुळाच्या वाट्यातून लखनौच्या नवाबी हवेल्यांना जादा जागा मिळाल्या. ऐक्य झालं ते वकील, राजे आणि तालुकदारांचं. हॉटेलात दोघांनी जेवायचं आणि बिल बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याच्या नावावर फाडायचं, असा तो प्रकार होता.

तो तिसरा महाराष्ट्रातही होता. मुसलमानांना संख्येपेक्षा जास्त जागा देता येतात, तर आम्हाला संख्येइतक्या का नाहीत, हा साधा सवाल ब्राह्मणेतरांनी केला. शाहू महाराज आणि भास्करराव जाधवांच्या गोटातून जातवार प्रतिनिधित्वाची मागणी जोरात पुढं आली. यावर लखनौत एवढं उदार झालेल्या टिळकांनी काय केलं? १९१७ साली अथणीच्या सभेत त्यांनी कौन्सिलात जाऊ पाहणाऱ्या कष्टकरी जातींची जाहीर टिंगल केली. जिनांना देताना हात सैल, कुणब्याला देताना मूठ घट्ट. त्रिकोणी लढाई दोघांत आणणाऱ्या माणसाला घरातला चौथा कोन दिसला नाही, की पाहायचा नव्हता?

तो कोन गप्प बसला नाही. जानेवारी १९१९ मध्ये सत्तावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर साउथबरो समितीपुढं उभे राहिले आणि अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा हिशेब मांडून आले. १९१९ च्या कायद्यानंतर मुंबई कौन्सिलात मराठा आणि तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव झाल्या. अस्पृश्यांना निवडून यायची एकही नाही, सरकारनं नेमलेल्या प्रतिनिधीवर बोळवण. पुढं १९३२ चा जातीय निवाडा, येरवडा आणि पुणे करार. महाराष्ट्राचं आजचं आरक्षणाचं राजकारण, ब्राह्मणेतर पक्षापासून मराठा सत्तेपर्यंतचा सगळा प्रवास, यांच्या वंशावळीत लखनौचं नाव घालावंच लागतं. आपण घालत नाही, कारण मग टिळकांना एकाच वेळी दोन्हीकडून जाब विचारावा लागतो.

आणि ज्यांना वाटतं की ऐक्याचा तो क्षण तसाच टिकला असता तर फाळणी टळली असती, त्यांनी १९३७ पाहावं. निवडणुकीत संयुक्त प्रांतात काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळालं आणि लीगला बरोबरीनं सत्तेत घ्यायची गरज उरली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात जिना याच लखनौत लीगच्या अधिवेशनाला पुन्हा उभे राहिले. या वेळी भाषा काँग्रेसशी उभ्या वैराची होती. शहर तेच, माणूस तोच. गरज संपली आणि भाव उतरला. महमूदाबादच्या पुढच्या राजांनी १९५७ ला पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं आणि इथली मालमत्ता ‘शत्रू संपत्ती’ झाली. भारतीय नागरिक असलेला त्यांचा मुलगा कोर्टकज्जे लढला, २००५ ला सुप्रीम कोर्टात जिंकला आणि २०१७ च्या दुरुस्ती कायद्यानं ते जिंकणं निकालात निघालं. ज्या घराण्यानं कराराला आसरा दिला, त्याची इस्टेट आज कागदोपत्री शत्रूची आहे.

हे सगळं जुनं उकरून काढायचं कारण पुढ्यात उभं आहे. लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठलेल्या आहेत. उत्तर प्रदेशाला ८०, महाराष्ट्राला ४८. ही गोठवणूक उठली की सवाल तोच असेल, जो १९१६ ला होता: डोकी मोजून वाटा द्यायचा, की कमी संख्येच्या भागांना जादा वजन द्यायचं? लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याची शिक्षा होणार का, हे दक्षिणेतली राज्यं ओरडून विचारताहेत. लखनौत सत्तेतल्यांना घाई नाही, डोकी त्यांच्या बाजूनं आहेत. आणि महाराष्ट्र? आमचे नेते कुठल्या पुतळ्याची उंची किती यावर बाह्या सरसावून बसलेत.

उद्या या जागावाटपाची बैठक बसली, तर तिला पगडी घालून जाणारे पुष्कळ निघतील. महाराष्ट्राला किती जागा हव्यात, का हव्यात आणि त्या कुणाच्या वाट्यातून येणार, हे कागदावर मांडून जाणारा एक तरी निघावा. टिळकांनी आकडे मांडले होते. चुकीचे मांडले, बहुजनाला वगळून मांडले, असं म्हणायचा माझा हक्क मी सोडणार नाही. पण ज्यांच्याकडे मांडायला आकडाच नाही, त्यांनी १ ऑगस्टला हार घेऊन त्या रांगेत उभं राहू नये.