सरकारच्या जावयाचे पोट

गेल्या वर्षीची गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट सरून उन्हे वर आली होती. आमच्या मरोळच्या चाळीत अभ्यंगस्नाने आटोपली होती आणि फराळाची ताटे या घरातून त्या घरात जाऊ लागली होती. गॅलरीत आम्ही चारपाच जण चहा घेत बसलो असता एक मावशी जिना चढून वर आली. ही मावशी मरोळच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिचा धाकटा मुलगा माझा एकेकाळचा विद्यार्थी. त्या वेळी त्याला तुरुंगात जाऊन दोन वर्षे होत आली होती.

"मास्तर, काल मुलाखत झाली," ती म्हणाली. "पोरगा अंगाने सुटलाय हो!"

आणि पदर तोंडाला लावून ती रडू लागली.

आमच्यातले एक गृहस्थ मोठे विनोदी. ते म्हणाले, "अहो मावशी, रडता कशाला? अंगाने सुटला म्हणजे सुखात आहे! सरकारचा जावईच की तो. आम्ही इथे महागाईने वाळतोय आणि तुमचा मुलगा बसल्या जागी फुगतोय!"

सगळे हसले. सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. तेवढ्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे. दिवाळीच्या अंकात तुरुंगाचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाने वाढलेल्या वजनाची चिंता करण्याचे हेच तर दिवस! आपण आपल्या पोटांची चिंता करतो, तशी घटकाभर दुसऱ्याच्या पोटाची करू.

मी मॅट्रिक झालेला माणूस. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. पण पोट चालते ते मुलांना कवायत आणि चित्रकला शिकवून. या मुलाला मी पाचवीपासून पाहिले आहे. अंगकाठी वेताच्या छडीसारखी. कबड्डीच्या मैदानात चढाईला गेला की चारजणांच्या हातून मासळीसारखा निसटून येई. तो एका मारामारीच्या प्रकरणात सापडला. त्याचा हात त्यात होता की नव्हता, मला ठाऊक नाही. ते ठरवायला न्यायालय आहे. परंतु न्यायालयाने अजून काहीच ठरवलेले नाही, खटलाच उभा राहिलेला नाही! तुरुंगाच्या भाषेत तो 'कच्चा कैदी' आहे.

आपली समजूत अशी, की तुरुंगात बसलेला प्रत्येक माणूस चोर ठरून आत गेलेला असतो. सरकारचे स्वतःचे आकडे काय सांगतात ते पाहा. 2022 सालाअखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांतली 4,34,302 कच्ची, म्हणजे शंभरातली जवळजवळ शहात्तर! ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही अशांनीच आपले तुरुंग भरले आहेत. आणि भरले आहेत म्हणजे कसे? त्या सालाअखेर शंभरांच्या जागेत सरासरी एकशेएकतीस.

आता या कच्च्या कैद्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्याला काम असते. तो सुतारकाम करील, विणकाम करील, बागेत खपेल. कच्च्याला काम नाही. तो बसतो. सकाळी बसतो, दुपारी बसतो, संध्याकाळी बराकीला कुलूप पडले की आडवा होतो. चिंता मात्र चोवीस तास धावत असते. आणि धावून धावून चिंतेने वजन उतरते हा भ्रम आहे. बसलेल्या माणसाची चिंता त्याला खायला लावते. घरून आलेल्या मनिऑर्डरीचे तो काय करणार? तुरुंगातल्या कँटीनमधून फरसाण घेतो, बिस्किटे घेतो. दिवसात घडणारी तेवढीच एक घटना! मावशी बोंबील विकून पैसे पाठवी आणि त्याचे फरसाण होई. वर्षभरात त्याचा दम गेला, दीड वर्षात पोट सुटले आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, की रक्तात साखर आहे. वय वर्षे सव्वीस.

हे त्या मावशीला कळत होते. जन्मभर मासळी हाताळलेली बाई ती! भरलेली मासळी कोणती आणि फुगलेली कोणती, हे तिला काट्यावर घालून पाहावे लागत नाही. आम्ही शिकलेली माणसे. आम्हाला मात्र ते कळले नाही.

तुरुंग आणि वजन यांचे नाते जुने आहे. इंग्रजाने 1894 साली तुरुंगांचा कायदा केला. त्याच्या पस्तिसाव्या कलमात त्याने लिहून ठेवले, की मजुरी करणाऱ्या कैद्याचे वजन निदान पंधरवड्यातून एकदा त्याच्या तिकिटावर नोंदवावे आणि कामाने त्याची प्रकृती ढासळते असे डॉक्टरला वाटले तर त्याला त्या कामावर ठेवू नये. शिक्षा म्हणून कैद्याचे अन्न तोडायचे, तर त्याचीही मर्यादा घातली: सलग शहाण्णव तासांपलीकडे नाही! वाचून कोणी म्हणेल, काय हा दयाळू इंग्रज! छे हो! गाडीवानही आपल्या बैलाच्या बरगड्या मोजतो, त्याला काय दया म्हणतात? त्याच राजवटीत अंदमानच्या कोठड्यांत सावरकरांसारख्यांना कोलूला जुंपून रोज तीस पौंड तेल गाळायला लावीत होते. पण मला सांगायचे आहे ते निराळेच. वजनाचा तो काटा राबणाऱ्यासाठी लिहिला गेला. नुसत्या बसलेल्या कच्च्या कैद्याची आठवण त्या कलमाला झाली नाही. घटणारे वजन कायद्याला दिसले. कुजत वाढणारे वजन दिसले नाही.

आमच्या थोरांनी तुरुंगात शरीर कसे राखले, ते पाहावे. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष व्यायामाला वाहिले, ही गोष्ट शाळेतली पोरेही सांगतात. त्या वर्षाचे व्याज पुढे तुरुंगात कामी आले. 1897 साली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली तेव्हा तिथल्या अन्नाने ते इतके खंगले, की सुटल्यावर सिंहगडाच्या हवेवर जाऊन राहावे लागले. 1908 साली मंडालेला गेले तेव्हा अंगात मधुमेह होता. तिथे त्यांनी पथ्य सांभाळले, दिवस आखून घेतला आणि 1910-11 च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहून काढले. विनोबा 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी त्यांनी गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तेच विनोबा शरीरश्रम चुकवणे हे पाप मानीत. सातासमुद्रांपलीकडचे मंडेला घ्या. रॉबेन बेटावरच्या टीचभर कोठडीत ते जागच्या जागी पाऊण तास धावत, बोटांवर शंभर जोर काढीत आणि मग दिवसाला सामोरे जात. सत्तावीस वर्षांनी ताठ मानेने बाहेर आले ते उगाच नव्हे!

यावर कोणी म्हणेल, की ते राजबंदी होते, महापुरुष होते. मारामारीतल्या पोराची त्यांच्याशी तुलना कसली? मी विचारतो, गुडघ्याला कळते काय, की आपण महापुरुषाचे आहोत की मवाल्याचे? रक्तातली साखर आरोपपत्र वाचून चढते काय?

खरी अडचण निराळी आहे. मंडेलांना कोठडी एकट्याची होती. माझ्या विद्यार्थ्याला मी पत्र लिहिले: 'रोज पहाटे बारा सूर्यनमस्कार घालीत जा.' सूर्यनमस्काराला पुरुषभर लांबी आणि हातभर रुंदी पुरते, हे मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो आहे. त्याचे उत्तर आले: 'मास्तर, इथे रात्री कुशीवर झोपावे लागते. पाठ टेकायची तर शेजारच्याला उठवावे लागते. सूर्यनमस्कार कुठे घालू? एक दिवस बैठका मारल्या, तर लोक म्हणाले, हा कोणाशी भांडायची तयारी करतोय?'

वाचकहो, पुरुषभर लांबी आणि हातभर रुंदी! एवढी जमीन आपण मेलेल्या माणसालाही देतो.

इथे मला औंधच्या राजांची आठवण होते. भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याच राजांच्या संस्थानात, आटपाडीजवळ, 1939 च्या सुमारास भिंती नसलेला तुरुंग उभा राहिला. त्याचे नाव स्वतंत्रपूर. कैद्यांनी तिथे उघड्या माळावर शेती करावी, बायकामुलांसह राहावे, अशी ती कल्पना. त्यावरूनच पुढे माडगूळकरांच्या कथेतून शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' 1957 साली पडद्यावर आला. तो पाहताना आपण थिएटरात डोळे पुसले आणि घरी येऊन म्हणालो, 'सरकारचा जावई!' माणसाच्या पाठीचा कणा आणि माणसाची अब्रू या दोन गोष्टी एकच आहेत, हे औंधच्या म्हाताऱ्या राजाला कळले होते. आपल्याला अजून कळत नाही.

आता आक्षेप येईल तो पैशाचा. 'आमच्या कराच्या पैशांतून गुंडांना व्यायामशाळा काढून द्यायची काय?' मुळीच नको. मी कवायतीचा मास्तर आहे. मला डंबेल्स नकोत, आरसे नकोत. रोज एक तास मोकळ्या हवेत हातपाय हलवायला द्या, एवढेच मागणे. सगळ्यांना एकदम सोडता येत नसेल तर तुकड्या पाडा. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी मंडेलांच्याच नावाने कैद्यांसाठी नियम मंजूर केले, त्यांतही हा एक तास आहे. आणि खर्चाचाच हिशेब मांडायचा तर पुरता मांडा. आजारी कैद्याला इस्पितळात न्यायला गाडी लागते, बरोबर पोलीस लागतात, जन्मभर औषधे लागतात. बैठकांना काय लागते?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, म्हणून तो टाळत नाही. 'ज्याला मार बसला, त्याच्या अंगाचा विचार तुम्ही केलात काय?' केला. तो माणूस मला भेटला असता, तर त्याच्यापुढे मी मान खाली घातली असती. त्याला न्याय मिळालाच पाहिजे, आणि तो लवकर मिळाला पाहिजे. पण आरोपीला मधुमेह झाल्याने त्याचे फुटलेले डोके सांधते काय? न्यायालय शिक्षा देते ती स्वातंत्र्य काढून घेण्याची. साखर, गुडघे आणि धाप यांची शिक्षा कोणत्या न्यायाधीशाने लिहिली आहे?

1965 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आपल्या मुंबईचेच एक प्रकरण गेले होते. प्रभाकर संझगिरी हे स्थानबद्ध होते. तुरुंगात त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले, 'अणूच्या अंतरंगात'. सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. न्यायालयाने ते जाऊ द्यायला लावले. कायद्याने जे बंधन घातलेले नाही, ते तुरुंगाधिकाऱ्याने आपल्या मनाने घालायचे नाही, असा त्याचा मथितार्थ. कैद्याची लेखणी भिंतीबाहेर जाऊ शकते, तर त्याचे पाय भिंतीच्या आतल्या आत का हलू नयेत?

आणि आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. याच मुलाला मी शाळेत कितीदा तरी उठाबशा काढायला लावल्या. गृहपाठ नाही केला, काढ वीस उठाबशा! उशीर झाला, काढ पन्नास! व्यायाम ही शिक्षा आहे, हे त्याला शिकवले कोणी? मीच. लहानपणी शिक्षा म्हणून व्यायाम द्यायचा आणि मोठेपणी शिक्षा म्हणून व्यायाम तोडायचा, हा आमचा न्याय! त्या दिवसापासून मी वर्गात उठाबशांची शिक्षा बंद केली आहे.

त्याला मी पुन्हा पत्र लिहिले. जागा नाही तर उभ्यानेच कर. जागच्या जागी धाव. भिंतीला तळवे लावून जोर काढ. बराक उघडली की आवारात जेवढे चालता येईल तेवढे चाल. फरसाण सोड, मिळाले तर चणे-शेंगदाणे घे. आणि एकटा करू नकोस, चौघांना बरोबर घे, म्हणजे कोणी संशय घेणार नाही. काटा मिळत नसेल तर पायजम्याच्या नाडीला खूण कर. तोच तुझा काटा.

या श्रावणात त्याचे पत्र आले. 'मास्तर, आता आम्ही अकरा जण आहोत. नाडी तीन बोटे आत आली.' साखरेविषयी काही लिहिलेले नाही. खटल्याविषयीही नाही.

माझे मागणे थोडके आहे. कच्चा असो, पक्का असो, प्रत्येक कैद्याचे वजन पंधरवड्याला घ्यावे आणि ते त्याला सांगावे. रोज एक तास त्याला आकाश द्यावे. कँटीनमध्ये फरसाणाशेजारी फळे आणि चणे ठेवावेत. हे सरकारचे काम झाले. आपले काम त्याहून सोपे. तुमच्याही चाळीत, आळीत, गावठाणात अशी एखादी आई असेल. या दिवाळीत ती जिना चढून आली आणि म्हणाली, की पोरगा अंगाने सुटलाय, तर तिच्या हातावर करंजी ठेवा, तिला बसायला पाट द्या आणि विचारा, 'मावशी, तो चालतो का रोज?'

हसू मात्र नका. आम्ही हसलो, ते पुरे झाले.