मॅक्रोला हसू नका

एक्सेलमधून ब्राउझर चालवणाऱ्याला ‘खरे’ प्रोग्रामर हसतात. पायथन शीक म्हणतात. अहो, ज्याला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साधा फॉन्ट टाकायलाही आयटीची परवानगी लागते, तो पायथन कुठे टाकणार? त्याच्या हाती एकच हत्यार, १९९३ पासून एक्सेलच्या पोटात असलेलं व्हीबीए. त्यातून इंटरनेट एक्सप्लोरर उघडायचा, रकान्यात आकडा भरायचा, बटण दाबायचं, आलेलं उत्तर शीटमध्ये उतरवायचं. दोनशे ओळींचं कॉपी-पेस्ट वाचतं.

१५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररला निरोप दिला. जुन्या साइटसाठी एजमध्ये आयई मोड ठेवला, किमान २०२९ पर्यंत. मॅक्रोवाल्याला मात्र सल्ला मिळाला, सेलेनियम वापर. म्हणजे वेगळा ड्रायव्हर उतरवा, ब्राउझर अपडेट झाला की तोही बदला. पुन्हा आयटीच्या दारात!

मॅक्रोतून व्हायरस पसरतात हे खरंच आहे, १९९९ चा मेलिसा तसाच पसरला. पण मॅक्रो बंद करणारे त्या कारकुनाला दुसरं काय देतात? ज्या साइटवर तक्ता दिसतो पण डाउनलोडचं बटण नाही, ती बनवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. बंदी घालायचीय? घाला. आधी तो तक्ता सीएसव्हीत द्या.