विश्लेषण : पोटफुगी म्हणजे केवळ ‘गॅस’ नव्हे! लहान आतड्यातील जिवाणूवाढ काय असते?

जेवणानंतर पोट तट्ट फुगणे, ढेकर, गुरगुर, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता. अशा तक्रारींवर ‘पित्ताची गोळी’ घेऊन अनेक जण महिनोन्‌महिने वेळ मारून नेतात. मात्र, काहींच्या बाबतीत मूळ दुखणे वेगळेच असते. लहान आतड्यातील जिवाणूंची ही अतिवाढ ‘सिबो’ या नावाने ओळखली जाते.

नेमके काय बिघडते?

आतड्यात जिवाणू असणे हा आजार नाही. मोठ्या आतड्यात त्यांची संख्या अब्जावधींत असते. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र ती फारच कमी असते. जठरातील आम्ल अन्नातून आलेले बरेच जिवाणू मारते. उपाशीपोटी साधारण दर दीड-दोन तासांनी आतड्यात आकुंचनाची लाट येते आणि उरलेसुरले पुढे ढकलते. दोन्ही आतड्यांमधील झडप उलटा प्रवास रोखते. ही व्यवस्था कोलमडली की जिवाणू लहान आतड्यातच ठाण मांडतात. आपण पचवण्याआधीच ते अन्न आंबवतात आणि वायू तयार होतो.

धोका कोणाला?

दीर्घकाळचा मधुमेह, पोटावरील शस्त्रक्रिया, आतड्याची हालचाल मंदावणारे आजार यांत ही शक्यता वाढते. भारतात आतड्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. त्यामुळे आतडे अरुंद होऊन अन्न साचते. आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्यांचा दीर्घ वापर आणि सिबो यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला असला, तरी सर्व निष्कर्ष एकसारखे नाहीत. हृदयरोगाच्या काही रुग्णांना रक्तस्राव टाळण्यासाठी याच गोळ्या दिल्या जातात. त्यामुळे त्या परस्पर सुरू करणे जसे चूक, तसेच परस्पर बंद करणेही.

दुर्लक्ष केल्यास काय?

हे जिवाणू शरीराच्या वाट्याचे ब-१२ जीवनसत्त्व फस्त करतात. परिणामी रक्तक्षय, हातापायांना मुंग्या येणे असे त्रास होऊ शकतात. आजार बळावल्यास स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, वजन घटते.

निदान कसे होते?

मुख्यतः श्वासचाचणीने. मानवी पेशी हायड्रोजन वायू तयार करत नाहीत, आतड्यातील जिवाणू करतात. रुग्णाला ग्लुकोज किंवा लॅक्ट्युलोजचे द्रावण पाजून ठरावीक अंतराने श्वासाचे नमुने घेतले जातात. ९० मिनिटांत हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा २० पीपीएम किंवा अधिक वाढल्यास चाचणी सकारात्मक मानली जाते. पण ती अचूक नाही. द्रावण झपाट्याने मोठ्या आतड्यात पोहोचले, तर तेथील वायूमुळे सिबो नसतानाही तो असल्याचे दिसू शकते. दुर्बिणीद्वारे आतड्यातील द्रव घेऊन तपासणे हा दुसरा मार्ग. तो खर्चिक आणि किचकट आहे.

उपचार काय?

डॉक्टर सहसा रिफॅक्सिमिनसारखी प्रतिजैविके ठरावीक दिवसांसाठी देतात. मात्र, मूळ कारण कायम राहिल्यास आजार उलटतो. म्हणूनच मधुमेहावर नियंत्रण, आतड्यातील अडथळ्यावर उपचार आणि ब-१२ची भरपाई महत्त्वाची ठरते. जुनी चिठ्ठी दाखवून प्रतिजैविके पुन्हा घेतल्यास जिवाणू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

प्रत्येक पोटफुगी सिबो नसते. दूध न पचणे किंवा ‘आयबीएस’ यांतही हीच लक्षणे दिसतात. परंतु वजन घटणे, शौचातून रक्त, सततचा ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असल्यास गोळी बदलून पाहण्यात वेळ घालवू नये. त्यामागे क्षयरोग किंवा कर्करोगही असू शकतो आणि ‘गॅस’च्या नावाखाली गेलेले महिने अशा वेळी महागात पडतात.