बावीस रुपयांत नसलेला माणूस

किलोला बावीस रुपये. टीव्ही, फ्रीज, एसी अशा मोडीत निघालेल्या वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेसाठी उत्पादक कंपन्यांनी किमान एवढे मोजलेच पाहिजेत, असे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ठरवले. त्याविरोधात डायकिन, सॅमसंग, एलजी यांच्यासारख्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. भाव बाजाराने ठरवावा, सरकारने त्यात पडू नये, आमचा खर्च कित्येक पटींनी वाढतो, हे त्यांचे म्हणणे. दर पडलेलाच राहिला तर नोंदणीकृत कारखान्यांना हे काम परवडणार नाही आणि सगळा माल भंगार बाजारातच जाईल, हे सरकारचे. या वादात सरकारची बाजू योग्य आहे. स्प्लिट एसीचे दोन्ही भाग मिळून पन्नास किलो धरले, तर हा भार होतो अकराशे रुपये. पस्तीस-चाळीस हजारांना विकलेल्या यंत्राच्या विल्हेवाटीसाठी एवढे देतानाही कोर्टाची पायरी चढावीशी वाटते, याची चीड यायला हवी.

पण त्याहून मोठी चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. या बावीस रुपयांत यंत्र हाताने खोलणारा माणूस कुठेच नाही. पैसे कंपनी देणार, नोंदणीकृत कारखानदार घेणार, प्रमाणपत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर उमटणार. छिन्नी-हातोडा चालवणाऱ्याला यातले बावीस पैसेही पोहोचतील, अशी तरतूद कुणी केलेली नाही.

कुर्ला, साकीनाका किंवा धारावीच्या तेरा कंपाउंडातल्या गाळ्यात हॉटेलातला जुना डीप फ्रीझर उतरतो, तेव्हा काय होते ते एकदा जवळून पाहावे. आधी झाकण निघते आणि त्याच्या कडेची चुंबकी रबरपट्टी ओढून काढली जाते. मग थर्मोस्टॅट, पंख्याची मोटर, वायरिंग. चालू असेल ते सारे बाजूला, कारण चालू सुट्या भागाला वजनाच्या नव्हे, नगाच्या भावाने गिऱ्हाईक मिळते. कॉम्प्रेसरला थेट वीज देऊन पाहतात. तो गुरगुरला तर रिपेअरवाल्याकडे जातो. नाही गुरगुरला तर त्याचे पोलादी कवच कापले जाते. आतले काळे तेल जमिनीवर सांडते आणि वाइंडिंगचे तांबे हाती येते, दहा-बारा किलोच्या धुडातून जेमतेम किलोभर. फिल्टरचा बोटभर तांब्याचा तुकडासुद्धा वाया जात नाही, त्याच्यासाठी वेगळा डबा असतो. कॉइलमधली तांब्याची नळी आणि तिच्यावरची ॲल्युमिनियमची पाती वेगळी करायची, पत्रा वेगळा, बीड वेगळे. शेवटी उरतो पिवळट फोम. त्याला भाव नाही, म्हणून तो नाल्यात जातो किंवा पेटवला जातो.

हे काम अडाणी हमाली नव्हे, ही विद्या आहे. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आलेले स्टीलचे टेबल घ्या. चुंबक चिकटले तर तो स्वस्तातला पत्रा, नाही चिकटले तर चांगले स्टील, असे आपल्याला वाटते. भंगारातला जुना माणूस तेवढ्यावर थांबत नाही. ३०४ जातीच्या स्टीलमध्ये आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असते, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते आणि चुंबक दोन्हींना सहसा धरत नाही. मग एक थेंब रसायन, छोटी बॅटरी आणि थेंबाचा बदलणारा रंग यांवरून निवाडा होतो. लाल झाला तर २०२. भावात मोठा फरक पडतो. हे शिकवणारी कुठलीही आयटीआय नाही. पोरे ते मामाच्या, चुलत्याच्या हाताखाली शिकतात. पुनर्वापरित ॲल्युमिनियमला खनिजापासून बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या तुलनेत सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. तिथपर्यंत पोहोचण्याची पहिली पायरी हीच माणसे चढतात.

आणि याच पायरीवर ती मरणाशी खेळतात. नळी छाटली की फुस्स करून जो गॅस निघतो, त्याला बाजारात कुणी मोजत नाही. हवेत सोडून दिला, संपला. जुन्या एसीत आर-२२ असतो, दुकानांच्या आणि हॉटेलांच्या फ्रीझरांत आर-४०४ए सापडतो. आर-२२ची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट, तर आर-४०४एची सुमारे ३,९०० पट. म्हणजे आर-४०४ए एक किलो सुटला, तर जवळपास १,७०० लिटर पेट्रोल जाळल्याइतके नुकसान एका फुस्समध्ये होते. भारताने मॉन्ट्रियल करार स्वीकारला, २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली, शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा २०१९ मध्येच जाहीर केला. या साऱ्या कागदांचा कस साकीनाक्याच्या गल्लीत लागतो आणि तिथे गॅस परत भरून घेण्याचे यंत्र नाही, सिलिंडर नाही, शिकवायला माणूस नाही.

जगाचे हवामान बाजूला ठेवू. त्या गाळ्यातल्या माणसाच्या छातीचे काय? आर-२२ उरलेल्या नळीवर गॅस-कटरची ज्योत धरली, की त्या गॅसचे विघटन होते आणि हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड, प्रसंगी फॉस्जीनही तयार होतो. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडला गेलेला विषारी वायू. नव्या फ्रीजमध्ये आणि लहान कूलरमध्ये आर-६००ए येऊ लागला आहे. तो हवामानाला बरा, पण ज्वालाग्राही. आर-२२ची सवय झालेला हात त्याच बेफिकिरीने आर-६००एच्या नळीवर ज्योत धरणार, हे कुणाच्या लक्षात आले आहे का? कॉम्प्रेसरवर छोट्या इंग्रजी अक्षरांत छापलेली सूचना वाचून काम करणारा माणूस त्या गाळ्यात नसतो.

ही अवस्था कायद्यानेच आणली आहे. २०१६ च्या ई-कचरा नियमांत यंत्र सुटे करणारा, म्हणजे डिसमँटलर, हा स्वतंत्र घटक होता. त्याची व्याख्या होती, त्याला परवाना मिळत असे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांत नोंदणी चारच प्रकारांची राहिली: निर्माता, उत्पादक, दुरुस्ती करून विकणारा आणि पुनर्प्रक्रिया करणारा. सुटे करणारा यादीतून पुसला गेला. कागद सुटसुटीत झाला असेल. गाळ्यातला माणूस मात्र एका फटक्यात बेकायदा ठरला. काल ज्याला परवाना मिळू शकत होता, त्याला आज परवाना मागायलाही खिडकी उरली नाही.

दुसरी चूकही तेवढीच गंभीर. नियमांप्रमाणे 'मोठा ग्राहक' तो, ज्याच्याकडे वर्षात कधीतरी अशी किमान एक हजार उपकरणे वापरात होती. त्याने आपला कचरा नोंदणीकृतांकडेच द्यायचा. एक हजार! मग महामार्गावरचा ढाबा, तालुक्याचे लग्नाचे हॉल, आइस्क्रीमचे दुकान, मासळी बाजारातला व्यापारी, पंचवीस खाटांचे रुग्णालय, या साऱ्यांचे फ्रीझर, कूलर, बर्फाची यंत्रे, भट्ट्या कुणाच्या जबाबदारीत येतात? कुणाच्याच नाही. जास्त गॅस आणि मोठे धोके नेमके याच यंत्रांत असतात आणि तीच जाळ्यातून निसटतात.

जपानने घरगुती फ्रीज-एसीसाठी वेगळा कायदा केला आणि हॉटेल-दुकानांतल्या यंत्रांतील गॅससाठी २००१ मध्येच स्वतंत्र कायदा केला. यंत्र मोडीत काढायचे तर आधी गॅस काढून घेण्याची जबाबदारी यंत्राच्या मालकाची, खर्चही त्याचा. पुढे कायदा आणखी कडक झाला आणि २०२० पासून गॅस न काढता यंत्र टाकणाऱ्या मालकावर थेट दंड आला. अमेरिकेत तर साखळीतल्या शेवटच्या माणसाने, म्हणजे भंगार यार्डानेही, गॅस काढला गेल्याची खातरजमा करायची असते. आपल्याकडे ही जबाबदारी ना पहिल्या टोकाला आहे, ना शेवटच्या.

खासगी मालकांना बोल लावताना सरकारी कार्यालये सुटता कामा नयेत. रुग्णालये, विद्यापीठे, महामंडळे, उपाहारगृहे वर्षानुवर्षे यंत्रे गोदामात कुजवतात आणि एक दिवस लिलाव पुकारतात: 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर. सर्वात जास्त बोली लावील त्याला माल. पण जास्त बोली कोण लावू शकतो? सुरक्षेवर, गॅस काढण्यावर, तेलाच्या विल्हेवाटीवर एक रुपयाही खर्च न करणारा. प्रामाणिकपणे खर्च करणारा नोंदणीकृत कारखानदार त्या लिलावात हरणारच. एकीकडे केंद्र सरकार कंपन्यांना बावीस रुपये द्यायला लावते आणि दुसरीकडे सरकारचीच कार्यालये चार पैसे जादा मिळवण्यासाठी माल अंधाऱ्या गल्लीत ढकलतात.

या बेपर्वाईची किंमत दिल्लीच्या मायापुरीने २०१० मध्ये मोजली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, अनेक वर्षे बंद पडलेले गॅमा किरणांचे यंत्र फेब्रुवारीत लिलावात भंगारवाल्यांना विकले गेले. त्यांनी ते नेहमीसारखे फोडले. शिशाचे जाड कवच म्हणजे त्यांच्या लेखी शिसे. आत कोबाल्ट-६० होता. माणसे भाजली, केस गळले, एका कामगाराचा जीव गेला. विद्वानांच्या विभागाने जे यंत्र ओळखून वेगळे ठेवायला हवे होते, ते ओळखण्याची जबाबदारी शेवटी मायापुरीतल्या हातोड्यावर पडली. फ्रीझर म्हणजे गॅमा यंत्र नव्हे. पण धोका वर कळत असताना तो खाली सरकवण्याची सवय तीच आहे.

सरकारला भंगार दिसत नाही असे मात्र मुळीच नाही. पैसा असेल तिथे ते लख्ख दिसते. ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावर जीएसटीची नवी व्यवस्था आली आणि नोंदणी नसलेल्या माणसाकडून घेतलेल्या मालाचा कर घेणाऱ्यावर टाकला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये टाकाऊ मालातून महत्त्वाची खनिजे मिळवण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. १ एप्रिल २०२६ पासून तांबे, ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या भंगारालाही उत्पादकांची जबाबदारी लागू करण्याचे ठरले. प्रत्येक निर्णयात किलो आहेत, टक्के आहेत, कोटी आहेत. हात नाहीत.

यावर धाडी घालणे, गाळे सील करणे हा उपाय नव्हे. धाड पडली की काम बंद होत नाही, भिवंडीकडे नाहीतर वसईकडे आणखी अंधाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये सरकते आणि आधीच्या गाळ्यात निदान असलेली खिडकीही जाते.

उपाय महाराष्ट्राला बाहेरून आणायचा नाही. १९६९ मध्ये याच राज्याने माथाडी कायदा केला. तेव्हाही असेच सांगितले जात होते: हमालांना एक मालक नाही, रोज वेगळ्या पेढीवर काम, यांची नोंदणी कशी करणार? अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हमाल उभे राहिले आणि उत्तर सापडले. मालक अनेक, पण मंडळ एक. मालकांनी मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपचार, रजा. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बायांच्या हाती ओळखपत्र आले आणि पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेबरोबर पुणे महापालिकेने २००८ मध्ये करार केला. ज्यांच्यावर चोर म्हणून संशय घेतला जाई, त्या बाया सोसायट्यांच्या दारात हक्काने उभ्या राहिल्या.

भंगार फोडणाऱ्यांसाठी असेच मंडळ का नको? बावीस रुपयांतले दोन रुपये त्यात जमा करणे राज्याला अशक्य असेल, तर तशी तरतूद केंद्राकडे मागावी. त्या पैशातून कुर्ला, धारावी, पुणे, नागपूर इथे गॅस काढण्याची सामाईक केंद्रे उघडता येतील. फ्रीझर आधी तिथे यावा, प्रशिक्षित हाताने गॅस आणि तेल काढावे, झाकणावर शिक्का मारावा आणि मग तो गाळ्यात जावा. तांबे गाळेवाल्याचेच, रोजगार त्याचाच, फक्त विष वाटेत काढून घेतलेले. लिलावांनाही हीच अट लागावी: शिक्का नाही, तर विक्री नाही. याला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रिपेअरवाल्याकडे असते तसेच गॅस भरून घेण्याचे मशीन, सिलिंडर, काटा आणि दोन माणसे.

राज्य सरकारला हे आपले काम नाही, असे म्हणता येणार नाही. २०१६ च्या नियमांनी यंत्रे सुटी करणाऱ्या कामगारांची नोंदणी, त्यांचे गट बांधणे, त्यांचे प्रशिक्षण आणि त्यांच्या आरोग्य-सुरक्षेची वार्षिक पाहणी राज्याच्या कामगार विभागावर सोपवली होती. २०२२ च्या नियमांतही औद्योगिक वसाहतींत या कामासाठी जागा राखणे, कामगारांना कौशल्य देणे, त्यांच्या आरोग्याची काळजी घेणे ही कामे राज्याच्याच माथी आहेत. २०१६ पासून आजवर महाराष्ट्रात अशा किती कामगारांची नोंद झाली, किती वार्षिक पाहण्या झाल्या आणि एमआयडीसीच्या कोणत्या वसाहतीत किती गाळे त्यांच्यासाठी राखले गेले, हे तिन्ही आकडे कामगार आणि उद्योग खात्यांच्या मंत्र्यांनी येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावेत.