रॅम-एसएसडी महाग झालेत, मग मोठा डेटाबेस लोड करताना पैसे कुठे टाकायचे?

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की ‘क्रुशल’ ब्रँडखाली ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं आपण बंद करणार. कारण काय, तर एआय डेटा सेंटर्सची वाढती मागणी. तुमच्या फोनचं स्टोरेज आणि सर्व्हरची एसएसडी, दोन्हीत नँड फ्लॅशच असते. त्यामुळे झळ सगळ्यांनाच बसणार. पण स्वतःच्या मशीनवर मोठा डेटाबेस उभा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि छोट्या टीमना ती जास्त बसते.

ओपनस्ट्रीटमॅपचं उदाहरण घ्या. अख्ख्या जगाच्या नकाशाची कॉम्प्रेस केलेली फाइलच ८० जीबीच्या वर आहे. त्यात पत्ते शोधायचे तर नॉमिनॅटिम हे सॉफ्टवेअर किमान १ टीबी जागा मागतं आणि १२८ जीबी रॅम सुचवतं. डेटा एवढा फुगतो, कारण टेबल्ससोबत इंडेक्सही बनतात.

मी पहिल्यांदा भारताचा नकाशा जुन्या हार्ड डिस्कवर लोड करायला घेतला. सकाळी उठून बघतो तर सीपीयू निवांत आणि डिस्क १०० टक्के बिझी! हिशोब सोपा आहे. फिरणाऱ्या डिस्कला प्रत्येक नवी जागा गाठायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम १०० उड्या. १ कोटी उड्यांना १ लाख सेकंद, म्हणजे जवळपास २८ तास! चांगली एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला लाखभर उड्या मारू शकते.

पण खोक्यावरच्या स्पीडला भुलू नका. स्वस्त एसएसडीमध्ये तो स्पीड बऱ्याचदा कॅशे भरेपर्यंतच टिकतो, आणि डेटाबेस लोड करणं म्हणजे तासन्‌तास लिहिणं. म्हणून सलग लिहिण्याचा वेग आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे किती टेराबाइट लिहिण्यापर्यंत वॉरंटी आहे, हे आधी बघा.

माझा क्रम असा: आधी डेटा कमी करा. जिओफॅब्रिकवर फक्त भारताची, अगदी पश्चिम विभागाचीही वेगळी फाइल मिळते. मग पैसे डेटाबेससाठीच्या एनव्हीएमईवर टाका. मूळ फाइल आणि बॅकअप मात्र जुन्या हार्ड डिस्कवर खुशाल ठेवा, ते सलग वाचलं-लिहिलं जातं, तिथे उड्या नसतात.

भाव आपल्या हातात नाहीत, पण हा हिशोब आहे. खरेदीआधी तो कागदावर मांडला, तर कमी बजेटमध्येही आपल्या भागाचा नकाशा आपल्याच मशीनवर चालू शकतो.